झग्याच्या घेरातलं शिसं

मंगळवार, ता. ७

प्रिय भुणभुण,

सप्रेम सलाम. या नावाने तुला हाक मारायचा हक्क मला उरला आहे की नाही, ठाऊक नाही. पण तुझं खरं नाव लिहायला घेतलं तर हात सरकारी अर्ज भरल्यासारखा चालायला लागला, म्हणून खोडलं.

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तुझ्या मनात पहिलं हेच येईल की कोण गेलं. कोणी गेलेलं नाही. तुझे भावोजी त्यांच्या खुर्चीत आहेत आणि मी शिलाई मशीनवर. दुकानात आता पडदे आणि शाळेचे गणवेश एवढंच काम घेते, कारण उजव्या अंगठ्याचा सांधा धरतो. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसरा रांगेत आहे. चर्चच्या वडीलमंडळाचे सेक्रेटरी अजून तुझे भावोजीच. सभेचा वृत्तान्त लिहिताना जिभेचं टोक बाहेर काढतात, तेही अजून तसंच.

तुझा पत्ता तुझ्या मंडळीच्या छापील पत्रिकेवरून घेतला. ती माझ्याकडे कशी आली ते विचारू नकोस. बटणांच्या डब्यात तळाशी ठेवली आहे. त्यात तुझा फोटो आहे, व्यासपीठावरचा, एक हात हवेत. लहानपणी पलंगावर उभी राहून उशांना उपदेश करायचीस, अगदी तशी.

अकरा वर्षांपूर्वी आईच्या मातीच्या दिवशी तू शेवटच्या बाकावर बसली होतीस आणि लगेच निघून गेलीस. मला पाहुण्यांचं बघायचं होतं. बोलणं राहून गेलं.

असो. पत्राचं कारण वेगळं आहे. परवा रविवारी उपासनेत एक प्रकार झाला. तो कोणीतरी तिखटमीठ लावून तुझ्यापर्यंत पोचवील, त्यापेक्षा मीच कळवते. तू गेल्यावर इथे काही नवे नियम झाले, ते आधी सांगायला हवेत.

बाप्तिस्म्याचा हौद तोच. व्यासपीठाच्या फळ्या काढल्या की खाली तोच हिरवट टाइल्सचा खड्डा आणि शिळ्या पाण्याचा तोच वास. पुढच्या बाकांवर पुरुष, बाया डाव्या हाताला खांबांमागे, त्यांना हौदातलं काही दिसत नाही. सहा वर्षांपूर्वी मंडळाचे अध्यक्ष म्हणून आपले औषधाच्या दुकानवाले निवडून आले. तू त्यांना ‘खोकल्याचं औषध’ नाव ठेवलं होतंस, गोड आणि चिकट म्हणून. त्यांना साक्षात्कार झाला की बाप्तिस्मा घेणारी बाई पाण्यातून वर येते तेव्हा कपडे अंगाला चिकटतात आणि पुरुषांच्या भक्तीत अडथळा येतो. त्यावर उपाय म्हणून बाई हौदात उतरली की सगळ्या पुरुषांनी डोळे मिटून गीत म्हणायचं. ती वर आली, पायऱ्या चढली, मी तिला मोठा टॉवेल गुंडाळला, की मी मोठ्याने ‘आमेन’ म्हणायचं. मग डोळे उघडायचे. उपासनेत बाईच्या तोंडून निघणारा तेवढा एकच शब्द. मला त्याचा अभिमान होता, हेही लिहून टाकते.

दुसरा नियम झग्यांचा. बाप्तिस्म्याचे पांढरे झगे मीच शिवते. पाण्यात कापड वर तरंगू नये म्हणून खालच्या घेरात शिशाचे तुकडे घालते, पडद्याला घालतात तसे. पूर्वी चार घालायचे. मागच्या वर्षी एकीचा झगा पाण्यात छत्रीसारखा फुलला आणि खोकल्याच्या औषधाकडून चिठ्ठी आली, ‘शालीनतेच्या दृष्टीने वजन वाढवावे.’ डोळे मिटलेल्या माणसाला तो फुललेला कसा दिसला, हे मी तेव्हा विचारलं नाही. चाराचे बारा केले.

परवा इलेक्ट्रिशियनची मुलगी होती. एकोणीस वर्षांची, नर्सिंग शिकते, हसताना तोंडावर हात घेते. आपले पाळकसाहेब आता बहात्तरचे आहेत, साखरेचा त्रास, त्या दिवशी उपाशी होते. त्यांनी शब्द उच्चारले, तिला मागे झुकवून पाण्याखाली नेलं आणि त्यांचे पाय सरकले. ते तिच्यावर पडले. वर पाळक, खाली माझं शिसं, मध्ये ती. आणि समोर चाळीस पुरुष डोळे मिटून गात होते.

मी एक क्षणही न थांबता उतरले. एका हाताने पाळकांची मान वर धरली, दुसऱ्या हाताने तिला काखेतून ओढलं. ‘धावा, धरा’ म्हणून ओरडले. गाण्यात ऐकू गेलं नाही, की ऐकू गेलं पण डोळे उघडायचा हुकूम नव्हता, देव जाणे. त्यांनी दुसरं कडवं सुरू केलं. शेवटी मी छातीभर पाण्यातून ‘आमेन’ म्हटलं. चाळीस माणसांचे डोळे एकदम उघडले.

मुलगी तीन दिवस दवाखान्यात राहील, छातीत पाणी गेलं आहे. पाळक बरे आहेत. बाकी सर्व क्षेम.

तुझी बहीण

गुरुवार, ता. १६

भुणभुण,

वरचं पत्र टाकलं नाही. दोनदा टपालपेटीपर्यंत नेलं आणि पर्समधून परत आणलं, कारण त्यात एक वाक्य खोटं आहे. कुठलं ते सांगते, पण आधी शुक्रवारची सभा सांगू दे.

मला बोलावणं आलं. वडीलमंडळाची खोली तुझ्या ओळखीची आहे, मागची, एकच खिडकी असलेली. टेबलाभोवती पाचजण. तुझे भावोजी वही उघडून. चहा मीच करून नेला होता, कारण सभेचा चहा महिला मंडळाकडे असतो. चहा ठेवला आणि तिथेच उभं राहायला सांगितलं. बायकांना खुर्ची द्यायची नाही असा काही नियम नाही, खुर्च्या पाचच आहेत एवढंच.

मला वाटलं, मुलगी कशी आहे ते विचारतील. खोकल्याच्या औषधाने बिस्कीट चहात बुडवलं आणि म्हणाले, “बाई, तुम्ही तिला धरलंत ते नेमकं कुठे?”

“काखेत.”

“पाळकांचा हात तोवर तिच्या अंगावरून सुटला होता का?”

“पाळक स्वतःच बुडत होते.”

“ते लक्षात आलं. पण सुटला होता का? आणि झगा कुठपर्यंत वर सरकला होता? म्हणजे गुडघ्यापर्यंत, की...”

त्यांचं बिस्कीट तुटून कपात पडलं आणि ते बोटाने शोधायला लागले. ज्यांनी मुलीची लाज राखायला डोळे मिटले होते, ते आता माझ्याकडून एकेक इंच ऐकून घ्यायला बसले होते. दुसऱ्याने विचारलं, “पाण्यात तिचे डोळे उघडे होते का?” तिसरा माझ्या हातांकडे बघत होता, त्यांना काहीतरी लागलेलं असावं तसा. भुणभुण, मला किळस आली. या माणसांना मी तीस वर्षं चहा दिला आहे. त्यांच्या व्यासपीठावरची धूळ दर शनिवारी मी पुसते. हातात फडकं असलं की बाईला तिथे चढता येतं, पुस्तक असलं की येत नाही, हेही मी तीस वर्षं बिनबोभाट पाळलं आहे.

मग निर्णय कळला. बाप्तिस्मा म्हणजे बुडवणं आणि उठवणं. बुडवलं पाळकांनी, उठवलं बाईने. शास्त्राप्रमाणे पवित्र विधीवर बाईचा अधिकार नाही, म्हणून उठवणं धरता येत नाही. मुलीचा बाप्तिस्मा अर्धाच झाला. ती बरी झाली की पुन्हा करायचा, नाहीतर तिचं नाव सभासदांच्या यादीत चढणार नाही. आणि मी एक कागद सही करून द्यायचा, की ‘स्त्रीसुलभ भीतीने भान हरपून मी हौदात पडले, विधीत हात घालण्याचा हेतू नव्हता, मंडळीची क्षमा मागते.’ माझी सही आली की ठराव पक्का. मुदत बुधवारच्या प्रार्थनेपर्यंत.

मी म्हटलं, “पाळकसाहेबांनाही मीच वर काढलं. त्यांचं आता काय करायचं? तेही अर्धे का?”

तुझ्या भावोजींचं पेन थांबलं. हे वृत्तान्तात घ्यायचं की नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. घेतलं नाही.

घरी आल्यावर ते म्हणाले, “सही करून टाक. एक कागद आहे. त्यांचंही मन राहतं.”

“आणि पोरीचं?”

“तिला काय, पुन्हा एकदा भिजायचं. तू उगाच वाढवू नकोस. पाण्यात राहून माशांशी वैर कशाला?”

पाण्यात कोण होतं, हे मी त्यांना विचारलं नाही. ते वाईट नाहीत गं, तुला माहीत आहे. माझ्या डोळ्यात तीन आठवडे वेळच्या वेळी थेंब त्यांनीच घातले. म्हणून तर जास्त लागतं.

सोमवारी पाळकांना बघायला गेले. उशीला टेकून बसले होते. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, “मला तुमचा हात कळला होता, बाई. रोज प्रार्थनेत आभार मानतो.” मी म्हटलं, “मग मंडळात एवढंच सांगा.” त्यांनी हात सोडला, पांघरुणाची घडी नीट केली आणि म्हणाले, “मंडळाचा निर्णय आहे. मी पडलो आजारी माणूस.” म्हणजे आभार देवाच्या कानात आणि माणसांसमोर तोंडात गुळणी. ज्या माणसाच्या प्रवचनातला प्रत्येक शब्द मी वहीत उतरवून ठेवला, त्याच्या घरून निघताना रस्त्यात थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही. आपल्या आईने चांगली सवय लावली आहे.

तू म्हणशील, आता कळलं का तुला. मला माहीत नव्हतं असं नाही. मी तर शिकवत होते. दर महिन्याला महिला मंडळात माझं भाषण असायचं. ‘स्त्रीवाद ही घराला लागलेली वाळवी आहे’ हे वाक्य माझं, खोकल्याच्या औषधाने नंतर उचललं. नवरा मस्तक, बायको देह, दोन डोकी असलेलं जनावर जत्रेत दाखवतात, हाही विनोद माझा, त्याला हमखास हशा. आणि उदाहरण तुझं असायचं. नाव घेत नव्हते. ‘एका घरातली धाकटी मुलगी’ म्हणायचे. सगळ्यांना कळायचं. मी ते मनापासून बोलत होते, ढोंग नव्हतं. प्रत्येकाला आपली जागा ठरवून दिलेली असली की माणसाला शांत झोप लागते, हे मी अनुभवाने सांगत होते. त्या शांत झोपेचा आता वीट आला आहे.

मंगळवारी ती मुलगी दुकानात आली. अजून बोलताना खोकते. तिची आई तिला म्हणते, पुन्हा घे, मिटवून टाक, उद्या तुझ्या लग्नाला पाळक येणार नाहीत. ती स्टुलावर बसली आणि गणवेशाच्या ढिगाकडे बघत म्हणाली, “मावशी, मी परत त्या पाण्यात जाणार नाही. बाहेर आले ना एकदा? मग ते पुरे नाही का?”

“त्यांच्या हिशेबी नाही.”

“तुम्ही सही करणार आहात?”

मी म्हटलं, “आधी एक ऐक. मी तुला वाचवलं असं सगळे म्हणतात. मी उशिरा उतरले.”

हेच ते खोटं वाक्य, भुणभुण. तिला सांगितलं ते तुलाही सांगते.

पाळक पडले ते मी पाहिलं. तिचा हात पाण्यावर आला, बोटं पसरलेली, आणि परत खाली गेला. मी दुसऱ्या पायरीवर होते, टॉवेल धरून. एकच पाऊल टाकायचं होतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की बाईने हौदात उतरायचं नाही. मी पुरुषांकडे वळून पाहिलं. कोणीतरी डोळे उघडेल, कोणीतरी येईल, ज्याचं काम तो करील. त्यांनी गीताच्या दोन ओळी म्हटल्या. आणि मी उभी राहून त्या दोन ओळी त्यांच्याबरोबर मनात म्हटल्या. सवयीने. पोरगी माझ्या पायाशी मरत होती, बारा शिशाचे तुकडे मी माझ्या हाताने शिवलेले, आणि मी सुरात होते.

त्या पाचजणांची किळस येते म्हणून लिहिलं ना वर, ती खरी आहे. पण ती उरलेली आहे. पहिली माझी मला आली.

मुलगी म्हणाली, “मला वाटलंच होतं, खूप वेळ लागला. म्हटलं, घाबरल्यामुळे वाटत असेल.” थोड्या वेळाने तोंडावर हात घेऊन खोकली आणि म्हणाली, “पण शेवटी तुम्हीच आलात. ते चाळीसजण अजून आले नाहीत.” मला रडू आलं. तिने उठून मला पाणी दिलं. शिकते आहे ना.

ती गेल्यावर कपाटातले तयार झगे काढले. अंगठा दुखत होता तरी सगळ्यांचे घेर उसवले. तिच्या झग्याला अजून हौदाचा वास येत होता. त्यातले बारा तुकडे वेगळे ठेवले.

काल बुधवारी प्रार्थनेआधी मागच्या खोलीत गेले. पाचहीजण होते. टेबलावर माझ्यासाठी कागद आणि पेन मांडून ठेवलं होतं, पेनाचं टोपणसुद्धा काढलेलं. मी कागद सरळ केला आणि त्यावर एकेक करून बारा तुकडे ठेवले. म्हटलं, “मी पडले नाही, उतरले. दोन ओळी उशिरा उतरले, त्याबद्दल क्षमा मी त्या मुलीची मागितली. तुमची मागायची काही राहिलेली नाही. सही होणार नाही. टॉवेल धरायला, झगे शिवायला आणि चहाला दुसरी कोणी बघा.”

खोकल्याचं औषध म्हणाले, “बाई, याचा अर्थ समजतो का तुम्हाला? तुमचंही नाव यादीतून जाईल.” मी म्हटलं, “समजतो.” मोठं भाषण करायचं मनात होतं, ते तसंच ठेवून बाहेर आले.

तुझे भावोजी सभा संपवून घरी आले. ताट उचलताना विचारलं, “किती वेळ होती ती खाली?” इतक्या दिवसांत हे विचारणारं पहिलं माणूस. मी म्हटलं, “तुम्ही गात होता ना? तुम्हीच मोजा.” ते ताट हातात धरून उभे राहिले. नंतर त्यांच्या खोलीतून गुणगुणणं ऐकू आलं, तेच गीत, मध्येच थांबलं. सकाळी वृत्तान्ताची वही टेबलावर उघडी ठेवून गेले आहेत आणि कालची तारीख घातलेलं पान कोरं आहे.

आता जे सांगायचं म्हणून अकरा वर्षांनी कागद घेतला, ते.

आईचं बोलणं शेवटच्या आठवड्यात बंद झालं होतं, असं मी तुला कळवलं होतं. झालं नव्हतं. जायच्या आदल्या दुपारी ती चांगली शुद्धीवर होती. मला म्हणाली, “माझ्या मातीवर भुणभुण बोलेल. त्या म्हाताऱ्याला बोलू देऊ नकोस, तो मला सुशील करून टाकील.” मी हो म्हटलं. तिने दोनदा म्हणवून घेतलं. आणि मी कोणालाही सांगितलं नाही. बाई कबरीवर प्रार्थना करणार म्हटल्यावर मंडळ काय म्हणेल, तुझ्या भावोजींना खाली बघावं लागेल, हेच डोक्यात. पाळक बोलले. ‘मौनात सेवा करणारी भगिनी’ म्हणाले. आपली आई आणि मौन. तू शेवटच्या बाकावरून उठून गेलीस, तेव्हा तुझी पाठ मी पाहिली. मला हाक मारता आली असती. मी गीत म्हणत होते.

माझं हे वरातीमागून घोडं आहे, कळतं मला. क्षमा कर म्हणायला तोंड नाही आणि तू लगेच करावीस असंही नाही. पण आईची एक गोष्ट तुझ्याकडे पोचायची होती, ती माझ्या ताब्यात इतकी वर्षं पडून राहिली. ती तुझी आहे. दफनभूमीचं फाटक सकाळी सातला उघडतं. रखवालदाराला विचारलं, कबरीवर कोणी बोलावं याचा त्याच्याकडे काही नियम नाही. ती मुलगी येते म्हणाली आहे. तिला तुला बघायचं आहे.

पाकिटावर तुझ्या नावाआधी ‘रेव्हरंड’ लिहिलं आहे, पाळकांना लिहितात तसं. अक्षर जरा वाकडं आलं, पहिल्यांदाच लिहिलं.

तू ये आणि आईसाठी बोल, हवं तितका वेळ, हवं तितक्या मोठ्याने. मी डोळे उघडे ठेवून ऐकेन. शेवटचं आमेन तेवढं मला म्हणू दे.

अकरा वर्षं आणि दोन ओळी उशीर झालेली,
तुझी ताई